नातालीन टीचरांची वाट

माझ्या खोलीवर पहिल्यांदा आलेल्या पाहुणीनं पाणी मागितलं. मी लगबगीनं पेला भरून दिला. तिनं तो ओठाला न लावता सावकाश जमिनीवर ओतला.

मी माण तालुक्यातला. आमच्याकडं पाणी सांडलं की आई आधी पाठीत धपाटा घालायची आणि मग कुणी सांडलं याची चौकशी करायची. त्यामुळं मी आ वासून बघत राहिलो. पाहुण्या बाई मात्र गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, त्या ओघळाकडं बघत होत्या. ओघळ खोलीच्या मधोमध गेला, खाटेखाली शिरला आणि माझ्या ट्रंकेपाशी जाऊन थांबला.

"काटकर सर, ही ट्रंक समोरच्या भिंतीला न्या," त्या म्हणाल्या. "पावसात पाणी याच वाटेनं येणार."

नातालीन टीचरांची आणि माझी ही पहिली भेट. मी ड्रॉइंग मास्तर म्हणून वसईच्या त्या शाळेत नुकताच रुजू झालो होतो, गिरीजला एका वाडीत खोली घेतली होती, आणि खोलीची मांडणी चित्रकाराच्या नजरेनं केली होती. ट्रंक तिथंच शोभत होती. भूगोलाच्या बाईंना मांडणीतलं काय कळणार, असं म्हणून मी ती हलवली नाही. जुलैत ट्रंकेतला माझा लग्नासाठी शिवलेला कोट भिजला, वाळला आणि आखडला. लग्नाच्या फोटोत माझी मनगटं बाह्यांच्या बरीच पुढं आलेली दिसतात. बायको तो फोटो आल्यागेल्याला आवर्जून दाखवते.

टीचर तेव्हा चाळिशीच्या पुढं होत्या. उंच, हाडापेरानं मजबूत, साडी घोट्याच्या वर आणि पायात पुरुषी रबरी बूट. पावसात इतर शिक्षिका रंगीत छत्र्या घेऊन यायच्या, टीचर वाडीत काम करणाऱ्या बायकांसारखं इरलं पांघरून यायच्या. छत्री का नाही, असं मी एकदा विचारलं. "एक हात अडकतो," त्या म्हणाल्या, "आणि मला दोन्ही लागतात." ते खरंच होतं. पावसात त्यांचे हात सतत कुठंतरी चिखल उकरत, दगड सरकवत, गटारातला पाला काढत असायचे.

पाणी ओतायची त्यांची सवय गावभर ठाऊक होती. कुणी नवं घर बांधलं, की फादरांनी आशीर्वाद दिल्यावर टीचर पेलाभर पाणी मागणार आणि ओटीवर ओतणार. उतार चुकलेला असला की गवंड्याचं तोंड उतरायचं. पुढंपुढं लोक शहाणे झाले आणि त्यांना पाण्याऐवजी सरबत देऊ लागले. टीचरांनी सरबतही ओतलं. शिवाय मुंग्या कुठून येतात तेही कळलं, असं म्हणाल्या.

बोलायला त्या सरळ होत्या, म्हणजे ऐकणाऱ्याला तिखट वाटायच्या. मी एकदा शाळेच्या भिंतीवर मोठं निसर्गचित्र काढलं. डोंगर, नदी, नदीकाठी झोपडी. सगळ्यांनी वाहवा केली. टीचर बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमची नदी डोंगर चढते आहे." मी नीट पाहिलं. चढत होती. दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही मी शाळेत जाऊन नदी पुसली आणि तिथं गायी काढल्या. गायी डोंगर चढू शकतात.

त्यांचा भूगोलाचा तास पाऊस आला की वर्गाबाहेर भरायचा. मुलांच्या हातात भाताचं तूस द्यायच्या. वाहत्या पाण्यात मुलांनी ते टाकायचं आणि ते कुठं जातं, कुठं गोल फिरतं, कुठं अडतं हे बघत त्याच्या मागं चालायचं. रांग सांभाळायला म्हणून मला बरोबर न्यायच्या. माझ्यासारख्या कोरड्या मुलखातल्या माणसाला चिखलात उभं राहायचं तंत्र अवगत नव्हतं. रांग मुलंच सांभाळायची, आणि रांगेच्या शेवटी दोन मुली मला सांभाळायच्या.

पालकांच्या तक्रारी गेल्या. फादर प्रिन्सिपलनी दोघांनाही बोलावलं.

"टीचर," फादर म्हणाले, "लोक म्हणतात, पोरं शाळेत कोरडी पाठवली होती, घरी ओली आली."

"फादर, भूगोल कोरडा शिकवला तर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी उडून जातो."

फादरांनी हसू दाबलं आणि माझ्याकडं वळले. "आणि तुम्ही काय करत होता, काटकर?"

मी म्हणालो, "पडत होतो, फादर."

शेवटी फादरांनी एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी टॉवेल न्या. टीचरांनी खरंच टॉवेल नेले, आणि त्यातला पहिला मला दिला.

टीचर आपल्या धाकट्या भावाच्या, पास्कूच्या घरात एका खोलीत राहत. लग्न केलेलं नव्हतं. पास्कूची केळीची आणि भाजीची वाडी होती, माणूस कष्टाळू आणि तापट. भावजय कधी वावगं बोलली नाही. पण शाळा सुटल्यावर टीचरांना घरी जायची घाई नसते, हे आम्ही सगळे बघत होतो. वडिलांनी वाडीतला एक तुकडा त्यांच्या नावानं ठेवला होता. तिथं दोन खोल्या आणि पश्चिमेकडं ओटा, असं घर त्यांनी मनात पक्कं केलं होतं. जोत्याचे घडीव दगड आणून रचून ठेवले होते. कधीकधी तास नसला की माझ्याकडून त्या घराचं चित्र काढून घ्यायच्या. मी कौलांवर मोर बसवायचो, त्या खोडरबरानं मोर पुसायच्या.

आता वाटेची गोष्ट.

आमच्या पेठेतून खाडीच्या धक्क्याकडं जाणारा रस्ता सरळसोट होता. धक्क्याजवळ कोळ्यांची वस्ती. तिथल्या बायका मासळीच्या पाट्या घेऊन पेठेत यायच्या, मुलं शाळेत यायची, आणि संध्याकाळी गावातले लोक वारा खायला खाडीवर जायचे. पण रस्ता सखल जागेतून गेलेला. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर पाणी, आणि उधाण आलं की खाजणातलं खारं पाणीही त्यात मिसळायचं. कोळ्यांची निम्मी मुलं जुलै-ऑगस्टात शाळेत दिसायची नाहीत.

तालुक्याच्या कचेरीनं ठरवलं, की रस्ता भराव घालून उंच करायचा. गावात आनंद झाला. मलाही झाला, मला सरळ रेषा आवडते. टीचर मात्र मला बरोबर घेऊन कचेरीतल्या इंजिनिअरांकडं गेल्या. भराव घातला तर पावसाचं पाणी त्यामागं तुंबेल आणि कोळीवाड्यातल्या घरांत शिरेल, हे त्यांनी सांगितलं. इंजिनिअर भला माणूस होता. त्यानं विचारलं, "मग लोकांनी जायचं कुठनं?"

"पाणी जिथनं जात नाही तिथनं."

"म्हणजे कुठनं?"

"ते आम्ही दाखवतो. काटकर सर नकाशा काढतील."

त्या पावसात आम्ही ती जमीन पालथी घातली. मला ती पोळपाटासारखी सपाट दिसायची. टीचर म्हणायच्या, "सपाट कुठं? म्हशीच्या पाठीसारखी आहे. मध्ये कणा, दोन्हीकडं उतार." भर पावसात त्या उभ्या राहायच्या आणि मूठभर तूस टाकायच्या. निम्मं डावीकडं जायचं, निम्मं उजवीकडं. "हा कणा. इथनं चालायचं. पाण्याला त्याच्या उतारानं जाऊ द्यायचं, त्याच्या बाजूनं आपण. कुठं ओलांडावंच लागलं तर तिथं मोरी." मी मागं फळ्यावर कागद लावून, त्यावर प्लॅस्टिक धरून रेघा मारत होतो. प्लॅस्टिक एकीकडं, पाऊस दुसरीकडं. शाई विरघळली. माझ्या नकाशातलं पाणी खऱ्या पाण्यासारखंच वाहिलं आणि माझ्या सदऱ्यावर येऊन थांबलं.

घरी बसून मी नवा नकाशा काढला आणि त्यात जीव ओतला. नारळ, केळी, होड्या, चर्चचा मनोरा. इंजिनिअरनी तो बघितला आणि म्हणाले, "सुंदर! पण वाट कुठंय?" टीचरांनी माझ्यादेखत झावळ्या खोडल्या तेव्हा ती सापडली.

पेठेतून निघून ही वाट कण्याकण्यानं जात होती. फक्त एका जागी, पास्कूच्या वाडीपाशी, ती कणा सोडून खाली उतरत होती आणि मोठा वळसा घेऊन परत वर येत होती. टीचरांनी ते वळण स्वतःच्या हातानं काढून दिलं होतं. मला ते फार आवडलं. एवढ्या रेघांमध्ये तेवढीच एक लयदार होती. ते तिथं का आहे, हा प्रश्न मला पडला नाही. चित्रकाराला असले प्रश्न पडत नाहीत, निदान माझ्यासारख्याला तरी नाहीत.

कचेरीनं भराव लांबणीवर टाकला आणि पायवाटेला परवानगी दिली. उन्हाळ्यात गावानं श्रमदान केलं. वाडीवाले, कोळी, शाळेची वरच्या वर्गातली मुलं, सगळे आले. मुरूम पडला, दगड बसले, बाजूनं पाण्याचा चर खणला. मी पहिल्याच दिवशी स्वतःच्या पायावर घमेलं पाडून घेतलं आणि उरलेला काळ खुर्चीवर बसून देखरेख केली.

पावसाळा लागला आणि वाट चालू लागली. सगळीकडं पाणी आणि मधून कोरड्या पायांनी जाणारी माणसं! मुलं शाळेत येऊ लागली. फादरांनी प्रवचनात वाटेचं कौतुक केलं तेव्हा टीचर मान खाली घालून बसल्या होत्या. मला तो विनय वाटला. मी स्वतः मान वर करून बसलो होतो, नकाशा माझा होता.

मग जुलैतलं मोठं उधाण आलं, आणि त्याच सकाळी धो धो पाऊस. खाडीचं पाणी चरातून उलटं वर चढलं. बाकीची वाट कोरडी राहिली, पण वळणावर पाणी आलं. वाट कुठं संपते आणि चर कुठं सुरू होतो ते दिसेना. कमळी नावाची कोळीण डोक्यावर पाटी घेऊन येत होती. तिचा पाय चरात गेला. पाटी उडाली, मासळी वाहून गेली, आणि कमळीचं मनगट मोडलं.

आम्ही धावत गेलो तेव्हा बायकांनी तिला वर काढलं होतं. टीचर पाण्यात उतरल्या, तिचा हात आपल्या पदरानं बांधला आणि तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथं बाकावर बसल्या असताना मी त्यांचं सांत्वन करायला गेलो. "टीचर, उधाण आणि पाऊस एकदम येणार हे कुणाला माहीत असतं?"

"मला," टीचर म्हणाल्या.

मला वाटलं, त्या दुःखानं बोलताहेत.

त्या रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सुटल्यावर बाहेर वाटेबद्दल बोलायला लोक जमले. कोळीवाड्यातलेही आले होते. हात गळ्यात बांधलेली कमळी पायरीवर बसली होती. कुणी म्हणालं चर अरुंद झाला, कुणी म्हणालं मुरूम कमी पडला. मी नकाशा उलगडून वळणाच्या सौंदर्याकडं लोकांचं लक्ष वेधणार, तेवढ्यात टीचर उभ्या राहिल्या.

"चर बरोबर आहे आणि मुरूमही बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "वळण चुकीचं आहे. ते मी मुद्दाम घातलं. तिथं कणा माझ्या जागेतनं जातो. वाडीतली सगळ्यांत उंच जागा बघून मी ती घरासाठी मागून घेतली होती, बाबा जिवंत असताना. वाट तिथनं नेली असती तर घर गेलं असतं. म्हणून मी वाट खाली उतरवली. उधाणाला तिथं पाणी येऊ शकतं, हे मला कळत होतं. क्वचितच येईल, अशी मी स्वतःची समजूत घातली."

मी नकाशाची गुंडाळी केली. एवढा वेळ ज्या रेघेला मी लय म्हणत होतो ती रेघ म्हणजे एका बाईच्या दोन खोल्या होत्या, आणि मी तिच्याच घराचं चित्र कितीदा काढलेलं होतं.

टीचर कमळीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "कमळे, माझ्यामुळं तुझा हात गेला."

कमळीनं वर बघितलं. "हात नाय गेला टीचर, मोरला. जुलल तो." मग म्हणाली, "तुमी रडू नका. वाट सरल करा."

"माझ्या जागेतनं नेते," टीचर म्हणाल्या.

पास्कू गर्दीत होता. तो तिथं गप्प बसला आणि वाडीत शिरल्यावर फुटला. मी नकाशा टीचरांना द्यायला मागोमाग गेलो होतो, त्यामुळं केळींमध्ये अवघडून उभा राहिलो.

"बाय, तू येडी झाली का? जागा देऊन टाकणार? मग घर कुठं बांधणार?"

"नाही बांधणार."

"म्हातारपणी कुठं राहशील?"

"तुझ्या पडवीत. ठेवशील ना?"

"मी ठेवीन गं! उद्या माझी सून येईल. तिच्या तोंडाकडं बघत बसणार तू? तू? साऱ्या गावाला बोलणारी?"

टीचर जोत्याच्या दगडांवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पास्कू, त्या कमळीच्या घरी मी काल गेले. ती डाव्या हातानं भाकरी थापत होती. जमत नव्हती. मी थापून देते म्हटलं, तर मला पण जमेना. दोघींनी मिळून काय थापलं ते तिच्या नवऱ्यानं निमूट खाल्लं." त्या हसायला गेल्या आणि त्यांना रडू आलं. पास्कू पाय आपटत निघून गेला. मी तसाच उभा. काय करावं ते न सुचून मी त्यांना खिशातला रुमाल दिला. त्यावर शाईचे डाग होते. टीचरांच्या गालावर निळं उमटलं आणि ते सांगायचं धैर्य मला झालं नाही.

पाऊस ओसरल्यावर कामाला सुरुवात झाली. पहिल्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा पास्कू आमच्या आधी येऊन आपल्या हातानं कुंपण उपटत होता. वाटेला दगड कमी पडले, तेव्हा टीचरांनी जोत्याच्या घडीव दगडांकडं बोट दाखवलं. ते उचलायला कुणी पुढं होईना. शेवटी पास्कूनंच पहिला उचलला आणि त्या जागी असा आदळला, की तो दगड नंतर कधी हलला नाही. वळण मोडून काढलं, तिथली जमीन पाण्याला सोडून दिली. पुढच्या जुलैत उधाण आणि पाऊस पुन्हा एकदम आले. टीचर सकाळपासून इरलं पांघरून तिथं उभ्या होत्या. पाणी दोन्ही बाजूंनी वर आलं, काठाला लागलं आणि तिथंच थांबलं. कमळी पाटी घेऊन वरून गेली. जाताना तिनं टीचरांच्या हातात एक पापलेट ठेवलं आणि न थांबता पुढं गेली.

पास्कूनं पडवीला भिंत घालून बहिणीला खोली काढून दिली. सून आली. तिच्याशी टीचरांचं कधी फार जमलं, कधी मुळीच जमलं नाही. पश्चिमेचा ओटा काही त्यांना मिळाला नाही. खोलीला एकच खिडकी होती, पूर्वेकडची. त्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही, असं लिहायचा मोह होतो, पण ते खोटं होईल. केली, आणि बरेचदा केली. "सर, संध्याकाळी ऊन नाही हो माझ्या खोलीत," असं म्हणायच्या आणि बाहेर पडून खाडीवर जाऊन बसायच्या.

पुढं मी विरारच्या शाळेत गेलो, फुलपाड्याला बिऱ्हाड केलं. जाणं कमी झालं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटीशेवटी, एका पावसाळ्यात, मी त्यांना भेटायला गेलो. टीचर निवृत्त झाल्या होत्या, वाकल्या होत्या, मोतीबिंदूमुळं दिसायचं कमी. तरी म्हणाल्या, चला खाडीवर. भरतीची वेळ होती. वाटेच्या दोन्ही बाजूंनी पाणी तटतटून भरलेलं. आम्ही सावकाश चाललो होतो. समोरून पाट्या घेतलेल्या तरुण कोळणी झपाझप आल्या. वाट दोघांपुरतीच, त्यांना घाई.

"ए म्हातारे, बाजू हो गो! मधीच काय उबी?" पुढची ओरडली.

मला राग आला. ही वाट कुणाची, या कोण, हे सगळं त्या पोरींना ऐकवायला मी घसा साफ केला. पण टीचर तोवर वाट सोडून कडेच्या पाण्यात उतरल्या होत्या. घोट्याच्या वर पाणी, साडीचा काठ भिजलेला. तिथनंच त्या पोरींना हातानं जा, जा, म्हणत होत्या.

मी वरच उभा. नव्या चपला घातल्या होत्या.

"काका, तुमी पन उतरा की!" दुसरी ओरडली.

मी उतरलो. माझा पाय चिखलात घसरला, आणि त्या थकलेल्या, कमी दिसणाऱ्या बाईनं माझं कोपर घट्ट धरलं. पोरी एकामागून एक कोरड्या पायांनी निघून गेल्या. शेवटची लांब जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच पाण्यात उभे होतो.